वजन कमी करणे : शरीराचे आरोग्य आणि मनाची प्रेरणा

भरलेले अंग म्हणजे सुखवस्तू घर, अशी आपल्या समाजात पूर्वापार समजूत होती. ज्या काळी पावसाळ्याचे चार महिने कसे निघतील, ही बहुतेक कुटुंबांची विवंचना असे, त्या काळी ही समजूत स्वाभाविकच होती. परंतु आज परिस्थिती पालटली आहे. अन्नाची ददात बहुतांशी मिटली, अंगमेहनत कमी झाली आणि ज्या स्थूलतेचे कौतुक होत असे तीच अनेक विकारांचे मूळ ठरू लागली. म्हणूनच वजन हा विषय केवळ शहरी हौसेचा न राहता गावोगावच्या आरोग्याचा प्रश्न बनला आहे.

गोव्याच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष गंभीर आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यातील सुमारे ३६ टक्के स्त्रिया व ३२ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. देशाचे प्रमाण सुमारे २४ व २३ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे देशातील प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यातील प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, असे दिसून आले. दर चार प्रौढांमागे एक मधुमेही, असा याचा सरळ अर्थ होतो.

बदललेले जीवनमान

साखळी परिसराचे उदाहरण घेतल्यास या वाढीची कारणे सहज ध्यानात येतात. वाळवंटी नदीच्या काठची शेते, कुळागरे आणि डोंगरउतारावरील पिके यांवर येथील जीवन पूर्वी अवलंबून होते. नांगरणी, लावणी, मळणी, विहिरीचे पाणी, डोक्यावरचा भारा या सर्वांत शरीराची झीज होत असे व खाल्लेले अन्न सत्कारणी लागत असे. पुढे डिचोली व सत्तरी तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणींचा व्याप वाढला. अनेक कुटुंबांनी शेतीकडे पाठ फिरवून ट्रक घेतले. ट्रकचालकाचे काम कष्टाचे खरे, पण ते बसून करावयाचे. २०१२ साली खाणी थांबल्या, काही काळाने सुरू झाल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर पुन्हा थांबल्या. उत्पन्नाची चिंता वाढली. सोडलेली शेती मात्र बहुतेकांकडे परतली नाही. आज कचेरी, दुकान, कारखाना यांतील काम बैठे आहे आणि घरापासून बाजारापर्यंत जाण्यासही दुचाकी लागते.

आहारही बदलला. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी व तांबडी भाजी यांची जागा सकाळी पाव-भाजीने, दुपारी पांढऱ्या भाताच्या मोठ्या वाढपाने आणि सायंकाळी भजी, बिस्किटे व गोड चहाने घेतली. अन्न वाढले आणि श्रम घटले, की उरलेली शक्ती चरबीच्या रूपाने साठते. हा शरीराचा साधा जमाखर्च आहे.

वजन किती असावे ?

वजनाचा विचार उंचीच्या संदर्भात करावा लागतो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्यास शरीर-वस्तुमान निर्देशांक म्हणतात. भारतीय व्यक्तीच्या बाबतीत २३ च्या पुढे वजन अधिक व २५ च्या पुढे स्थूलता समजावी, असा येथील तज्ज्ञांचा अभिप्राय आहे. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ५९ किलोपर्यंत असणे योग्य. ६४ किलोच्या पुढे स्थूलता सुरू होते.

परंतु हा अंक सर्वस्वी विसंबून राहण्याजोगा नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह एक बोलके उदाहरण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे ठेवले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, म्हणजे पूर्णपणे योग्य. परंतु चरबी मोजली असता युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस बाहेरून सडपातळ दिसला तरी आतून चरबीयुक्त असू शकतो, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते. यासाठी वजनकाट्याबरोबर शिंप्याची फीतही वापरावी. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रीचा ८० सेंटिमीटर यापुढे गेल्यास सावध व्हावे.

थोडे घटले तरी लाभ मोठा

वजन कमी करावयाचे म्हणजे पुन्हा विशीतील बांधा मिळवायचा, अशी अनेकांची कल्पना असते. ते साधणे अशक्य वाटल्याने माणूस प्रारंभच करीत नाही. वस्तुतः एवढ्याची आवश्यकता नसते. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांसाठी एक कार्यक्रम राबविण्यात आला. वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच त्याचे उद्दिष्ट होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या लोकांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ७२ किलो वजनाच्या माणसासाठी ही घट अवघी पाच किलोंची होते.

चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच प्रयोग भारतीयांवर केला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आहार व व्यायाम सुधारणाऱ्यांत मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी उतरला आणि विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे घटले नव्हते. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. शरीराला लाभ होत असतो. काटा तो सांगत नाही, एवढेच.

प्रेरणा कोठून येते ?

वजन कमी करण्याचा मार्ग सर्वांस ठाऊक असतो. अडते ते मनापाशी. लग्नसमारंभात चांगले दिसावे, कोणी हसू नये, या हेतूने केलेला प्रयत्न बहुधा समारंभाबरोबरच संपतो. दुसऱ्याच्या धाकाने अथवा लाजेने धरलेला नियम अल्पजीवी ठरतो. ‘गुडघे न दुखता देवळाच्या पायऱ्या चढता याव्यात’, ‘नातवंडांबरोबर चालता यावे’, ‘वडिलांना झालेला मधुमेह आपल्या वाट्यास येऊ नये’, असे स्वतःच्या जीवनाशी जोडलेले कारण ज्याला सापडते, त्याचा नियम अधिक टिकतो.

दुसरी गोष्ट मोजणीची. अमेरिकेत १९९४ सालापासून, भरपूर वजन घटवून ते टिकविणाऱ्या लोकांची नोंदवही ठेवण्यात येत आहे. त्यातील बहुसंख्य लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात, सकाळची न्याहारी चुकवीत नाहीत आणि रोज सुमारे तासभर व्यायाम करतात. यात असामान्य असे काहीच नाही. सातत्य मात्र आहे. उद्दिष्टही ‘दहा किलो कमी करीन’ असे दूरचे न ठेवता ‘रोज जेवणानंतर वीस मिनिटे चालेन’ असे हाताशी असलेले ठेवावे. चतुर्थीच्या दिवसांत नेवऱ्या-पातोळ्या खाल्ल्याने नियम मोडला, तर दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा धरावा. एका दिवसाच्या खाण्याने वजन वाढत नाही. ‘आता मोडलेच आहे’ म्हणून महिनाभर सोडून दिल्याने वाढते.

तिसरी गोष्ट घरच्यांच्या साथीची. एकाच घरात एकासाठी वेगळा स्वयंपाक फार दिवस चालत नाही. घरातील सर्वांचेच ताट सुधारणे अधिक सोपे. अर्धे ताट भाजी व कोशिंबीर, पाव भाग डाळ, कडधान्य अथवा मासे आणि पाव भाग भात किंवा भाकरी, असे वाढप ठेवावे. मासे तळण्याऐवजी हुमणात घालावेत, चहातील साखर क्रमाक्रमाने उतरवावी. यास जादा खर्च येत नाही.

सावधानतेच्या सूचना

झटपट वजन उतरविण्याची हमी देणारी चूर्णे व पेये यांपासून दूर राहावे. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रचारात आणलेली दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत अनेकांनी स्वीकारली. परंतु मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्शुलिन घेणाऱ्याने जेवणाच्या वेळा परस्पर बदलल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरून जिवास धोका संभवतो. अलीकडे निघालेली वजन घटविणारी इंजेक्शने केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावीत. ती थांबविल्यावर वजन बहुधा पुन्हा वाढते. गरोदर स्त्रिया व वाढत्या वयाची मुले यांनी उपासमार करू नये. आणि प्रयत्नावाचून वजन घटू लागल्यास आनंद न मानता तपासणी करून घ्यावी. क्षयरोग, मधुमेह व थायरॉइडचे विकार यांची ती खूण असू शकते.

गावाचे कर्तव्य

शिक्षकांनी वर्गातील स्थूल मुलास टोपणनावाने हाक मारू देऊ नये. चेष्टेने वजन उतरत नाही. मूल मैदानावर जाणे तेवढे सोडते. पंचायती व नगरपालिकेने चालण्यास सुरक्षित वाटा, पुरेसे दिवे व खेळण्यास मोकळी जागा राखावी. भजनी मंडळे, स्वयंसाहाय्य गट व महिला मंडळे यांनी आठवड्यातून एकदा वजन व कमरेचा घेर मोजण्याचा उपक्रम हाती घ्यावा. तीस वर्षांवरील प्रत्येकाने जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी.

‘अति खाणे, मसणात जाणे’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच रूढ केली नाही. मात्र त्यांच्या अंगी श्रम होते, म्हणून मर्यादा पाळणे त्यांना सोपे गेले. आपल्याला ते श्रम आता जाणीवपूर्वक शोधावे लागतील. विठ्ठलापूरच्या देवळापर्यंत वाहन न काढता पायी जाणे, हा त्याचा प्रारंभ होऊ शकतो.