आफ्रिकेस जाणाऱ्यांनी डासांविषयी काय जाणावे

आपल्या मंडळ्यांतून परदेशी जाणाऱ्यांची संख्या आता थोडीथोडकी नाही. कोणाची मुलगी कंपाल्यात परिचारिका आहे, कोणाचा जावई मोंबासाच्या बंदरात नोकरीस आहे. बाळंतपणासाठी आई जाते, नातवंड पाहावयास आजोबा जातात. अशांना आम्ही डासांविषयी विचारले म्हणजे उत्तर ठरलेले असते : "अहो, आमचा जन्म डासांतच गेला. आम्हांला काय होणार?" या पाठात आपण ह्याच उत्तराचा विचार करू, कारण ते चुकीचे आहे, आणि कधी कधी जिवावर बेतते.

हिवताप म्हणजे मलेरिया. त्याचे जंतू एकाच जातीचे नसतात. आपल्याकडे पुष्कळांना व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया होतो. तो हुडहुडी भरवतो, माणसाला अंथरुणास खिळवतो, पण वेळीच औषध घेतल्यास सहसा बरा होतो. आफ्रिकेत मात्र बहुतेक ठिकाणी फाल्सिपेरम जातीचे राज्य आहे. हा जंतू आपल्याकडेही आढळतो, पण तिकडे त्याचे प्रमाण फार मोठे. तो मेंदूवर व मूत्रपिंडांवर घाला घालतो, आणि उपचारास उशीर झाला तर एकदोन दिवसांतही रोगी दगावू शकतो. लहानपणी चारदोनदा हिवताप आला होता म्हणून अंगी शक्ती आली असे समजू नये. ती शक्ती वारंवार लागण होत राहिली तरच थोडीफार टिकते, आणि काही काळाने ओसरते. कंपाल्यात वाढलेला माणूसही अनेक वर्षे बडोद्यास राहून परत गेला, तर त्याने स्वतःला नवखाच समजावे.

डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन ह्यांची गोष्ट आपल्या संडेस्कूलमध्ये सांगितली जाते, पण तिच्यातील औषधांची पेटी बहुधा सुटून जाते. त्यांच्या पत्नी मेरी ह्या १८६२ साली झांबेझी नदीकाठी शुपांगा येथे हिवतापानेच वारल्या. १८६६ च्या जानेवारीत डॉक्टर मुंबईहून पुन्हा आफ्रिकेस निघाले, तेव्हा नाशिकच्या शरणपूर येथे शिकलेले काही आफ्रिकी तरुण त्यांच्याबरोबर होते. पुढल्याच वर्षी जानेवारीत, वाटेत सामील झालेले दोन हमाल औषधांची पेटी घेऊन पळून गेले. क्विनाईन गेले. आपल्याला जणू मरणाची शिक्षाच झाली, असे त्या धीराच्या माणसाला वाटले. त्या काळी हा ताप डासांमुळे येतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. तो शोध रोनाल्ड रॉस ह्यांना १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस लागला. (हैदराबादच्या शिक्षकांनी मुलांना हे अवश्य सांगावे.) आपल्याला कारणही ठाऊक आहे आणि औषधही मिळते; तरी आपण पेटी घरीच ठेवून निघतो, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

क्लोरोक्विन आफ्रिकेतील फाल्सिपेरमवर भरवशाचे राहिलेले नाही. त्याऐवजी डॉक्सिसायक्लिन, मेफ्लोक्विन किंवा अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल देतात. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, फिट्स येणारे वा मनाचा आजार असलेले ह्यांना यांतील काही चालत नाहीत. म्हणून निवड डॉक्टरांनीच करावी. मेफ्लोक्विन तर दोनतीन आठवडे आधी सुरू करावे लागते, तेव्हा तिकीट काढताच डॉक्टरांकडे जावे. गोळ्या हातातील पिशवीत ठेवाव्यात.

पीतज्वराची गोष्ट निराळी. त्यावर लस आहे, ती प्रवासाआधी निदान १० दिवस घ्यावी लागते, आणि २०१६ पासून तिचे प्रमाणपत्र जन्मभर चालते. नऊ महिन्यांच्या आतील बाळास ती देत नाहीत, व साठीच्या पुढील माणसाने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केनिया-युगांडाहून प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्यास आपल्या विमानतळावर ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. ह्यावर चिडणारे पुष्कळ भेटतात. पण पाहा, हा रोग पसरवणारा पट्टेरी डास आपल्या पाण्याच्या टाक्यांत आहेच. डेंग्यूही तोच पसरवतो. फक्त पीतज्वराचा विषाणू आपल्या देशात अजून रुजलेला नाही. एका आजारी प्रवाशाने तो आणला तर साऱ्या गावाला भोगावे लागेल.

पट्टेरी डास दिवसा चावतो, हिवतापाचा डास सांजवेळेपासून पहाटेपर्यंत. म्हणून सायंकाळच्या उपासनेस जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, उघड्या अंगास डास पळवणारे मलम लावावे, आणि औषध लावलेल्या मच्छरदाणीत निजावे. नैरोबी उंचावर असल्याने तेथे हिवताप कमी आहे; पण तेवढ्यावर विसंबून मोंबासाच्या किनाऱ्यावर निष्काळजी राहू नये.

आता घरी परतल्यावरचे. चावलेल्या डासाचा जंतू प्रथम यकृतात दडतो व मग रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन व मेफ्लोक्विन त्याला रक्तात गाठतात, म्हणून परत आल्यावरही ४ आठवडे घ्यावी लागतात. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ७ दिवस. आमच्या मंडळीतील एका वडील बंधूंनी युगांडाहून येताच गोळ्या बंद केल्या. बाराव्या दिवशी ताप भरला. हवापालट सोसला नसेल म्हणून तीन दिवस तापाच्या गोळ्यांवर काढले. डॉक्टरांना प्रवासाचे सांगावयाचे त्यांना सुचले नाही आणि कोणी विचारलेही नाही. चौथ्या दिवशी ते बरळू लागले, तेव्हा सूनबाईंच्या तोंडून युगांडाचे नाव निघाले. त्याच संध्याकाळी रक्त तपासले, फाल्सिपेरम होता. ते वाचले, पण अतिदक्षता विभागात राहून.

तेव्हा आफ्रिकेहून आल्यानंतर तीन महिन्यांत केव्हाही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि पहिले वाक्य "मी अमुक देशाहून आलो आहे" हेच असावे. डेंग्यूची शंका फिटेपर्यंत अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. आणि पहिल्या तपासणीत जंतू दिसले नाहीत, तरी ताप असेल तर १२ ते २४ तासांनी रक्त पुन्हा तपासून घ्यावे.