आटलेल्या डबक्यातील जीवन

दक्षिण मोझांबिकमध्ये पावसाळ्यात भरणारी व नंतर पूर्ण आटणारी डबकी आहेत. त्यांत ‘नोथोब्रँकियस फुर्झेरी’ हा लहानसा मासा राहतो. पाणी साचताच अंड्यांतून पिले निघतात. त्यांपैकी काही अवघ्या १४ दिवसांत प्रजननक्षम होतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मादी चिखलात अंडी घालते. डबके आटले की सर्व मासे मरतात. अंड्यांतील गर्भ मात्र आपली वाढ थांबवून मातीत तग धरतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या : सर्वच अंडी पहिल्या पावसात उबत नाहीत. ते पाणी अवेळी आटले, तरी मागे राहिलेल्या अंड्यांमुळे वंश टिकतो. म्हणून कोरडे डबके निर्जीव समजू नये. ते बुजविले, तर पुढची पिढीही त्यातच गाडली जाते.