हिरव्या ठिपक्याचं प्रकरण

उरलेले चाळीस हजार मिळणार नाहीत, हे मी मनाशी धरलंय. पण "सॉफ्टवेअरवाल्यानं बुडवलं" असं नवापुरात अजून बोललं जातं, ते ऐकून घेणार नाही.

काम देणारा माणूस ठेकेदार. नंदुरबार, शहादा, नवापूर या पट्ट्यातल्या पंधरा-सोळा बॉयलरांची वार्षिक तपासणी सांभाळतो. अर्ज, फी, बॉयलर थंड करून मॅनहोल उघडून बॉयलर निरीक्षक साहेबांसमोर ठेवणं, सगळं त्याच्याकडे. हिशेब एका लाल वहीत आणि उरलेला डोक्यात. मला म्हणाला, "भाऊ, ऑफिसात कॉम्प्युटरवर दिसलं पाहिजे आणि पोरांच्या मोबाइलवर. कोणाची मुदत कधी संपते, बस एवढंच."

"बस एवढंच" ऐकलं की दर दुप्पट सांगावा. मी तेव्हा सांगितला नाही.

डेस्कटॉपचं काम तीन आठवड्यांत उरकलं. मोबाइलनं घाम काढला. बॉयलर हाउस पत्र्याचं, आत रेंज नाही; ड्रममध्ये शिरलेल्या माणसाला तर मुळीच नाही. म्हणून नोंद फोनमध्येच साठवायची आणि बाहेर चहाच्या टपरीवर आल्यावर वर चढवायची, अशी सोय केली. बगॅसची काजळी लागलेल्या बोटांसाठी बटणं मोठी केली. भट्टीसमोर फोन तापून बंद पडायचा, तेव्हा फॉर्म एका पानाचा केला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तारखेची मांडणी अमेरिकन होती, त्यामुळे 5 एप्रिल हा 4 मे होऊन बसला. तेही शोधून काढलं. यातल्या एकाही गोष्टीचं कुणी नाव घेत नाही.

2024 च्या पावसाळ्यात नवापूरच्या एका कापड प्रक्रिया युनिटनं सुरतेकडून जुना बॉयलर घेतला. तिथल्या पोराचा फोन आला, "सर, नंबर टाकता येत नाही." आपल्याकडचे नोंदणी क्रमांक 'एमआर'नं सुरू होतात, म्हणून मी त्या रकान्यात दुसरी अक्षरं बंदच ठेवली होती. या बॉयलरच्या अंगावर 'जीटी' कोरलेलं होतं, गुजरातचं. दहा मिनिटांत रकाना मोकळा करून दिला. स्वतःवर खूश होतो. गुजरातचा नंबर नवापुरात काय करतोय, हे विचारायचं मात्र सुचलं नाही. सर्टिफिकेटची मुदत सात महिने बाकी होती. सॉफ्टवेअरनं हिरवा ठिपका दाखवला.

युनिटनं त्या ठिपक्यावर विसंबून भट्टी पेटवली. साहेब शेजारच्या युनिटमध्ये आले होते, धूर बघून इकडे वळले. कागद पाहून म्हणाले, "हे सर्टिफिकेट बॉयलर पायावरून उचलला त्या दिवशीच संपलंय." भट्टी बंद. मालक ठेकेदारावर, ठेकेदार माझ्यावर.

त्या रात्री मी पहिल्यांदा 1923 चा बॉयलर कायदा उघडला. कामाला हात घालण्याआधी उघडायला हवा होता, कबूल. आठव्या कलमात सरळ लिहिलेलं: मुदत संपली की सर्टिफिकेट जातंच, पण अपघात झाला, बॉयलर जागेवरून हलवला, रचनेत बदल केला तरी जातं. लहान उभ्या बॉयलरला आणि फिरत्या बॉयलरला हलवण्यापुरती सूट आहे. हा त्यातला नव्हता. त्याहून गंमत दहाव्या कलमात. मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज दिलेला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुन्या सर्टिफिकेटवरच्या दाबाला बॉयलर चालवता येतो. माझा ठिपका तिथे लाल झाला असता. म्हणजे दोन्ही रंग खोटे.

पण मला सांगा, वीस वर्षं हाच धंदा करणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं? नवापूर स्टेशनवर भेटलो. त्या स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत, आणि आम्ही भांडत होतो राज्य बदललेल्या बॉयलरवरून. तो म्हणाला, "हे मी कशाला सांगायचं? इंजिनिअर तू ना?" मी व्हॉट्सॲप उघडून त्याचाच मेसेज दाखवला: 'तू फक्त तारीख बघ, बाकीचं आम्ही पाहतो.' त्यानं फोनकडे पाहिलंही नाही. मालकाला फोन लावून माझ्यासमोर सांगितलं, "शेठ, ॲपनंच हिरवं दाखवलं हो."

घरी येऊन डेटा चाळला. त्या नोंदीत शेऱ्याचा रकाना भरलेला होता. अटेंडंटनं पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, 'सुरतहून आणला'. फोनवर शेरा होता, डेस्कटॉपच्या यादीत मी तो दाखवलाच नव्हता. जागा वाचवायला. हे ठेकेदाराला मी अजून सांगितलेलं नाही.

असलं काम घेणाऱ्यानं रंग तारखेवरून ठरवू नये. बॉयलर कुठे उभा आहे, कधी हलवला, काय दुरुस्ती झाली, अर्ज कधी दिला, हे वेगळे रकाने ठेवा. एकही रिकामा असेल तर हिरवं दाखवूच नका, 'विचारा' असं लिहा. शेरा यादीत सगळ्यात वर. दाबाचा आकडा लिहून घेताना एकक निवडायला लावा. अटेंडंट 'दहा किलो' म्हणतो, जुन्या गेजवर पीएसआय असतं. फॉर्मची नावं, कलमांचे आकडे कोडमध्ये पक्के करू नका. 2025 मध्ये नवा बॉयलर कायदा आला आणि 1923 चा गेला. माझ्या छापील रिपोर्टवर जुनंच नाव निघत होतं. आणि एक अख्खी पाळी अटेंडंटजवळ बसा. ठेकेदाराजवळ नव्हे.

पैशांचं म्हणाल तर सगळं लेखी घ्या, हप्ते पाडा, वगैरे, ते सगळेच सांगतात. कामाचं एवढंच की उद्यम नोंदणी पहिल्या बिलाच्या आधी करा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं फार तर 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. माझी नोंदणी भांडणानंतरची. जुन्या बिलाला तिचा उपयोग नाही.

परवा ठेकेदाराचा फोन आला. काम आता नव्या पोराकडे आहे, त्याला डेटाबेसचा पासवर्ड हवाय. आवाज एकदम मऊ. "भाऊ, तुझ्याकडेच आहे ना तो?"

म्हटलं, आहे. चाळीस हजार.