एक गाव, तीन रोग आणि वर्गातील तिघे



संगणकावरील खेळ म्हटले की घरोघरी कपाळावर आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही. तरीही या अंकात आम्ही खेळासारख्या दिसणाऱ्या एका अभ्यासाची माहिती देत आहोत. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्रा. क्रिस डीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात 'रिव्हर सिटी' नावाचे एक आभासी गाव तयार केले. तेथील शाळांत सहावी ते नववीच्या मुलांनी विज्ञानाच्या तासाला या गावात काम केले. हा प्रकल्प आता बंद झाला आहे, परंतु त्याची रचना आजही समजून घेण्याजोगी आहे.

पडद्यावर १८७८ सालचे एक काल्पनिक गाव दिसते. मधून नदी वाहते. उंचावर श्रीमंतांची घरे, खाली दाटीची गरीब वस्ती, जवळच दलदल, कचऱ्याचा ढीग आणि एक रुग्णालय. माणसे आजारी पडत आहेत, आणि महापौरांना कारण सापडत नाही. मुले आजच्या काळातून त्या गावात जातात. प्रत्येकाचा संगणक वेगळा, पण दोन ते चार जणांचा गट एकाच गावात हिंडतो. प्रत्येकाची पडद्यावर एक बाहुली असते आणि एकमेकांशी बोलणे लिहून होते.

आता खरी गंमत पाहा. गावात रोग एक नाही, तीन आहेत. दूषित पाण्यामुळे होणारा पोटाचा आजार, हवेतून पसरणारा क्षय आणि डासांमुळे होणारा हिवताप. लक्षणे एकमेकांत मिसळलेली. एक मुलगा नदीच्या पाण्याचे नमुने घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजतो, दुसरी मुलगी दलदलीपाशी डास पकडून मोजते, तिसरा रुग्णालयाच्या नोंदवहीत कोण कोणत्या वस्तीतून आले ते पाहतो. ऑक्टोबर १८७८ पासून पुढच्या जुलैपर्यंत चार ऋतूंत त्यांना गावाला भेट देता येते. डास हिवाळ्यात कमी आणि उन्हाळ्यात जास्त, हे एका भेटीत कळणार कसे? आणि एकट्याच्या आकड्यांवरून तरी काय ठरवणार? डास मोजणारीला वाटते सगळा दोष दलदलीचा, पाणी तपासणाऱ्याला वाटते नदीचा. दोघे आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून वाद होतो, आणि तो वाद आकडे समोर ठेवूनच मिटवावा लागतो.

१८७८ हे साल मुद्दाम निवडल्यासारखे वाटते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवला. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात असतो हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्याच देशात, सिकंदराबादेत पाहिले. तोवर अनेक जण दलदलीच्या कुबट हवेला दोष देत. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थच 'वाईट हवा' असा आहे. म्हणजे आठवीच्या मुलाला जे ठाऊक आहे ते गावातल्या डॉक्टरांना ठाऊक नाही. पण ठाऊक असणे वेगळे आणि पटवून देणे वेगळे. शेवटी मुलांना महापौरांना पत्र लिहावे लागते, त्यात पुरावा लागतो.

पुरावा मिळवण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. गट आधी गृहीतक मांडतो. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे आमच्या तोंडी अजूनही 'परिकल्पना' येते. मुलांनी दोन्ही शब्द लक्षात ठेवावेत.) मग गावातील एकच गोष्ट बदलून पाहायची आणि बदललेले गाव मूळ गावाशी ताडून पाहायचे. खऱ्या गावात हे करता येत नाही. एकाच वर्षी, त्याच माणसांसह, दलदल ठेवून एकदा आणि काढून एकदा असे कोण पाहू शकेल? आभासी जगाचा खरा उपयोग आम्हांस येथे दिसतो, चित्रांच्या झगमगाटात नव्हे.

याविषयी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. 'मला विज्ञान जमते' असा विश्वास असलेली मुले सुरुवातीला जास्त माहिती गोळा करीत. शेवटच्या भेटींपर्यंत हा फरक उरला नाही. विश्वास कमी असलेली मुलेही तितकीच माहिती गोळा करू लागली. वर्गात हात वर न करणारी मुले आपल्याकडेही आहेत.

पुढे हार्वर्डमध्येच 'इकोम्यूव्ह' नावाचे आभासी तळे तयार झाले. तेथे एके दिवशी मासे मरून पडतात. गटातील प्रत्येकाला वेगळे काम असते आणि खत, शेवाळ व पाण्यातील प्राणवायू यांचा संबंध सर्वांच्या नोंदी जुळवल्यावरच लागतो.

आपल्या शाळेपुरते सांगायचे तर एका संगणकासमोर तीन मुले बसवणे म्हणजे गटकार्य नव्हे. माऊस एकाच्या हाती, उरलेले दोघे प्रेक्षक. म्हणून यंदा आठवीचे एका वेळी बाराच विद्यार्थी संगणक कक्षात बसतील, चार गट, प्रत्येकाला स्वतंत्र संगणक. 'माइनक्राफ्ट एज्युकेशन' या शाळांसाठीच्या आवृत्तीत गटाने एकत्र बांधकाम करता येते. त्यात रोग आपोआप पसरत नाहीत, ही उणीव आहे. परवान्याच्या खर्चाचा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे, निर्णय त्यांचा.

विषय मात्र इंदूरचाच घेऊ. पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला, त्यात शहराच्या नद्या आणि आरोग्य यांचा विचार आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी वाहणारी खान नदी आणि तिच्या काठची वस्ती प्रत्येक गटाने उभी करायची. एकाकडे विहिरी व पाणी, दुसऱ्याकडे गटारे व कचरा, तिसऱ्याकडे घरे.

पहिले दोन आठवडे संगणक उघडायचा नाही. नकाशा आणि नोंदी वहीत करायच्या, आजी-आजोबांना जुन्या विहिरींविषयी विचारायचे. घरी या कामासाठी मोबाईलची गरज नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. अखेरीस प्रत्येक गट आपल्या शहराच्या महापौरांना एक पानी पत्र लिहील. ते हिंदीत लिहायचे की मराठीत, हे गटाने आपसात ठरवावे.