जुन्या नाण्यावरील रंग : आलेले की आणलेले?

मांजरसुंबा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जुन्या गाठोड्यांत हाली सिक्क्यांबरोबर इंग्रजी अमलातील नाणीही सापडू शकतात. त्यांपैकी १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो.

अशा नाण्यावर कधी पिवळी, जांभळी, निळी झाक दिसते. हा रंगाचा लेप नव्हे. हवा व ओल यांमुळे धातूवर अत्यंत पातळ थर चढतो. त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि पाण्यावरील तेलाच्या तवंगासारखे रंग उमटतात.

पारख करताना नाणे उजेडात तिरपे धरून फिरवावे. नैसर्गिक रंग थराच्या जाडीप्रमाणे हळूहळू पालटतात आणि त्यांखालून मूळ चकाकी फिरताना दिसते. आच देऊन वा रसायनाने आणलेले रंग बहुधा भडक आणि तुटक असतात. तरीही एकाच खुणेवर विसंबू नये. कुशल हात अनुभवी डोळ्यालाही फसवतो.

चिंच-राखेने तर नाणे कधीच घासू नये. रंगाबरोबर मूळ पृष्ठभागही जातो, आणि तो पुन्हा येत नाही. तांब्याची घागर घासल्याने उजळते; नाणे घासल्याने मुके होते.