शोधक साधनाचें माहितीपत्रक

संगणकावरील खेळ रचणारा मनुष्य प्रत्येक गोष्ट मुळापासून घडवीत बसत नाहीं. पडद्यावर चित्र उमटविणें, दोन वस्तूंची टक्कर ओळखणें, ध्वनि वाजविणें हीं नित्याचीं कामें ‘गेम इंजिन’ करतें. रचनाकारानें योग्य नांवानें योग्य आज्ञा द्यावयाची असते. अशा इंजिनांपैकीं ‘गोडो’ हें एक प्रसिद्ध इंजिन आहे. अर्जेंटिनांतील हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्झूर या दोघांनीं त्याची रचना आरंभिली, आणि २०१४ सालीं त्याचा मूळ पाठ एमआयटी परवान्याखालीं सर्वांस खुला झाला.

मार्च २०२३ मध्यें गोडोची चौथी आवृत्ति निघाली व तींत पुष्कळ नांवें बदललीं. पूर्वींचा ‘किनेमॅटिकबॉडी टूडी’ हा क्लास आतां ‘कॅरेक्टरबॉडी टूडी’ झाला. ‘मूव्ह अँड स्लाइड’ या आज्ञेस पूर्वीं वेग कंसांत द्यावा लागे. आतां तो ‘व्हेलॉसिटी’ या गुणधर्मांत आधीं भरावयाचा व कंस रिकामा ठेवावयाचा. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा कार्यवाहक, ज्यास ‘एआय एजंट’ म्हणतात, तो दोन्ही काळांतील लिखाणावर शिकलेला असतो. त्यामुळें चौथ्या आवृत्तीसाठीं तो कित्येकदां तिसरीची आज्ञा लिहून देतो, आणि तीही निःशंकपणें. नवशिक्या विद्यार्थ्याचा खेळ अडून पडतो, व दोष कोठें आहे हें त्यास उमगत नाहीं.

यावर उपाय म्हणजे शोधक साधन. गोडोच्या मूळ पाठासमवेत प्रत्येक क्लासचें वर्णन एक्सएमएल फायलींत दिलेलें असतें. एजंटनें नांव द्यावें व साधनानें त्या फायलींतून नोंद काढून द्यावी, इतकें हें सोपें काम आहे. परंतु साधनाचें अंतरंग एजंटला दिसत नाहीं. त्याच्यापुढें येतें तें साधनाचें नांव, थोडकें वर्णन व कोणती माहिती पुरवावी याचा आराखडा. मनुष्य अडला तर शेजाऱ्यास विचारतो. एजंट बहुधा तर्क करून पुढें जातो. म्हणून या माहितीपत्रकांत पुढील गोष्टी अवश्य असाव्या.

पहिली, साधन केव्हां वापरावें. ‘क्लासची माहिती देतें’ एवढेंच लिहिलें, तर ‘मला हें ठाऊकच आहे’ असें समजून एजंट तिकडे फिरकणार नाहीं. ‘गोडोची कोणतीही आज्ञा लिहिण्यापूर्वीं तिचें नांव येथें पडताळावें’ असें स्पष्ट सांगावें.

दुसरी, उत्तर कोणत्या आवृत्तीचें आहे. हें प्रत्येक उत्तरांतही छापलेलें असावें.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, उत्तराची मर्यादा. गोडोंत क्लासांची वंशावळ असते. ‘कॅरेक्टरबॉडी टूडी’ हा ‘फिजिक्सबॉडी टूडी’पासून, तो ‘कोलिजनऑब्जेक्ट टूडी’पासून, आणि तो ‘नोड टूडी’पासून उतरला आहे. वस्तूचें स्थान दर्शविणारा ‘पोझिशन’ हा गुणधर्म ‘नोड टूडी’च्या नोंदींत आहे, वंशज क्लास तो वारशानें वापरतो. आतां साधन केवळ त्या एका क्लासची नोंद देत असेल, तर ‘कॅरेक्टरबॉडी टूडी’च्या उत्तरांत ‘पोझिशन’ कोठेंच दिसणार नाहीं. पत्रक मौन राहिलें, तर ‘असा गुणधर्मच नाहीं’ असा निष्कर्ष एजंट काढील. साधनाचें उत्तर अक्षरशः खरें, तरीही फल खोटें! ‘पूर्वज क्लासांचे गुणधर्म या उत्तरांत येत नाहींत, त्यांसाठीं पूर्वजाचें नांव देऊन पुनः विचारावें’ हें एकच वाक्य हा अनर्थ टाळतें.

चौथी, नकाराचा अर्थ. ‘सांपडलें नाहीं’ याचीं कारणें अनेक असतात: नांवाचें लेखन चुकलें, नांव जुन्या आवृत्तीचें आहे, किंवा शोध भलत्या क्लासांत झाला. कोणतें कारण संभवतें व पुढें काय करावें, हें पत्रकानें सांगावें. ‘किनेमॅटिकबॉडी टूडी’ विचारल्यास ‘हें तिसऱ्या आवृत्तीचें नांव असून चौथींत कॅरेक्टरबॉडी टूडी पाहावें’ असें उत्तर मिळणें इष्ट होय.

पांचवी, संक्षेप. एजंट एका वेळीं किती मजकूर ध्यानांत घेऊं शकतो यास सीमा आहे. संपूर्ण क्लासऐवजीं एकाच आज्ञेची नोंद मागतां येत असेल, तर तसें उदाहरणासह लिहावें.

पत्रक तयार झालें म्हणजे त्याची परीक्षाही घ्यावी. एजंटला एक लहानसें काम द्यावें, तो साधनास काय विचारतो तें पाहावें, आणि जेथें तो चुकेल तेथील वाक्य सुधारावें.

विद्यार्थिमित्रहो, यांतून आपणांसही एक धडा मिळतो. आपण दिलेलें उत्तर खरें असणें पुरेसें नाहीं. तें कोठपर्यंत खरें आहे हेंही सांगितलें पाहिजे. आपल्या शब्दांवर जो विसंबून राहतो व ज्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय नाहीं, त्याच्याशीं वागतांना तर हें कर्तव्य द्विगुणित होतें.