मोकळ्या संगणकांची इर्जिक

एकट्याच्या बैलजोडीने ज्याचे शेत वेळेवर नांगरून होण्यासारखे नसे, त्याच्यासाठी गावातील शेतकरी आपापली औते घेऊन जमत आणि एका दिवसात काम उरकून देत. मजुरी कोणी घेत नसे. यजमानाने सर्वांना जेवू घालावे, एवढाच रिवाज. इर्जिक या नावाने परिचित असलेली ही प्रथा ट्रॅक्टर आल्यापासून मागे पडली. विज्ञानाच्या क्षेत्रात मात्र गेल्या पंचवीस वर्षांत तिचाच एक नवा अवतार रूढ झाला आहे. येथे औतांच्या जागी घरोघरचे संगणक असतात. दिवसातील पुष्कळ वेळ ते चालू असूनही रिकामे असतात, आणि तो रिकामा वेळ त्यांचे मालक संशोधनासाठी स्वखुशीने देतात.

ही कल्पना समजून घेण्यास जुन्नर तालुक्यातील खोडदइतके सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने तेथे उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, हे एकच यंत्र नव्हे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या मिळून ती बनली आहे. त्यांपैकी 14 तबकड्या मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात असून उरलेल्या 16 तीन भुजांवर दूरवर विखुरल्या आहेत. सर्वांकडून येणारे संदेश एकत्र गुंफले, की सुमारे 25 किलोमीटर रुंदीच्या दुर्बिणीला दिसावे तितके बारीक तपशील हाती येतात. पंचवीस किलोमीटरची तबकडी कोणालाच बांधता येणार नाही. तीस तबकड्या जोडता येतात. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही योजना कल्पिली व तडीस नेली, तिचे मर्म हेच आहे.

अंदाजांचे डोंगर

संदेश टिपणे हा कामाचा अर्धाच भाग होय. स्पंदक ताऱ्याचे उदाहरण घेऊ. हा अतिशय घन तारा स्वतःभोवती वेगाने फिरतो आणि दीपगृहाच्या झोताप्रमाणे त्याच्या रेडिओ लहरी ठराविक अंतराने पृथ्वीवर येतात. हा ठोका गोंगाटात बुडालेला असतो. शिवाय अवकाशातील विरळ इलेक्ट्रॉनांमधून येताना कमी कंप्रतेच्या लहरी मागे पडतात. त्या किती मागे पडल्या हे ठाऊक नसल्याने एकामागून एक शेकडो अंदाज करून पाहावे लागतात. ठोक्याचा काळ अज्ञात, म्हणून त्याचेही अंदाज आलेच. तारा दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरत असेल, तर त्याच्या कक्षेचे अंदाज वेगळे. या सर्वांचा गुणाकार होतो, आणि मोठ्या संस्थांचे संगणकही अपुरे पडतात.

या संकटातच सोय दडलेली आहे. एक अंदाज तपासण्यासाठी दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे कामाचे लहान लहान वाटे करून ते हजारो ठिकाणी धाडता येतात. प्रत्येक गणित असे फोडता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. हवामानाच्या अंदाजात एका चौकटीतील वाऱ्याचा हिशेब शेजारच्या चौकटीवाचून पुढे सरकत नाही. तेथे अनेक संस्कारक एकमेकांशी सतत बोलत राहतील असा महासंगणकच लागतो. पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये सिद्ध केलेला ‘परम 8000’ हा त्या जातीचा.

वाटप करण्याच्या पद्धतीला खरी लोकप्रियता मिळाली ती अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या ‘सेटी ॲट होम’ या उपक्रमामुळे. परग्रहावरील बुद्धिमान जीवांचा रेडिओ संदेश शोधण्यासाठी मे 1999 मध्ये तो सुरू झाला आणि 31 मार्च 2020 रोजी कामाचे वाटप थांबले. असा संदेश मिळाला नाही; पण त्याच मंडळींनी घडविलेली ‘बॉइंक’ ही सामायिक संगणक प्रणाली अनेक संशोधनांच्या उपयोगी पडली. ‘आईन्स्टाईन ॲट होम’ हा 2005 सालचा उपक्रम तिच्यावरच चालतो. गुरुत्वीय लहरी व स्पंदक तारे हे त्याचे विषय होत. त्याने अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून शोधलेला एक स्पंदक तारा ऑगस्ट 2010 मध्ये जाहीर झाला. तो सेकंदाला सुमारे 41 वेळा फिरतो. ज्या संगणकांवर तो प्रथम आढळला त्यांपैकी एक अमेरिकेतील आयोवा राज्यातील दांपत्याचा होता, दुसरा जर्मनीतील. कामाचा एकच वाटा दोन ठिकाणी पाठवून उत्तरे ताडून पाहण्याची रीत असल्याने मान दोन्ही ठिकाणांना मिळाला.

यंत्राऐवजी डोळे

खोडदच्या दुर्बिणीशी थेट नाते असलेला भारतीय उपक्रम थोडा निराळा आहे. डॉ. आनंद होता यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या ‘रॅड ॲट होम’मध्ये संगणकाचा रिकामा वेळ मागितला जात नाही, मागितली जाते ती माणसाची नजर. जीएमआरटीने 150 मेगाहर्ट्झवर केलेल्या आकाशपाहणीची चित्रे विज्ञानाचे विद्यार्थी घरबसल्या तपासतात आणि वेगळ्या दिसणाऱ्या दीर्घिका निवडतात. निवडक दीर्घिकांच्या निरीक्षणासाठी पुढे जीएमआरटीचा वेळही मिळाला आहे. एका दीर्घिकेतून निघालेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळत असल्याचा, ‘रॅड 12’ या नावाचा शोध 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. नारायणगाव वा मंचरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला हा मार्ग अधिक जवळचा वाटला, तर नवल नाही.

वीज, उष्णता आणि शांतता

ज्यांना संगणकच कामाला लावावयाचा आहे, त्यांनी प्रणाली मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. शाळेचा किंवा कचेरीचा संगणक असल्यास प्रमुखांची संमती आवश्यक आहे. मालक काम करीत असताना प्रणालीने थांबावे, संस्कारकाचा अर्धाच भाग वापरावा, विजेरीवर असताना काहीच करू नये, अशा सूचना तिला देता येतात. वीज गेली तरी थोड्या थोड्या वेळाने नोंद ठेवली जात असल्याने केलेले काम सहसा वाया जात नाही.

तथापि हे दान फुकटचे नाही. शंभर वॅट वीज घेणारा संगणक रोज दहा तास चालला तर महिन्याला 30 युनिट होतात. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात खोलीही तापते. निव्वळ या कामासाठी संगणक रात्रभर चालू ठेवण्यापेक्षा, तो एरवी चालूच असेल तेवढ्या वेळेचा उपयोग करणे शहाणपणाचे.

खोडदच्या पंचक्रोशीत आणखी एक बाब येते. प्रत्येक विद्युत उपकरणाप्रमाणे संगणकही क्षीण रेडिओ गोंगाट करतो, आणि दूरच्या दीर्घिकांचे संदेश त्याहूनही क्षीण असतात. दुर्बिणीसाठी ही जागा निवडली गेली ती मानवी गोंगाट कमी आणि भोवती डोंगरांचा आडोसा म्हणून. केंद्रातील यंत्रसामग्रीसुद्धा धातूच्या बंदिस्त आवरणात ठेवावी लागते. दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, दुर्बीण पाहण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यांना मोबाईल बंद ठेवण्यास सांगितले जाते ते याच कारणाने.

ही शांतता राखण्याची किंमत जुन्नर व आंबेगावच्या रहिवाशांना द्यावी लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परिसरातील उद्योगांवर मर्यादा आल्या. पुणे-नाशिक लोहमार्गाच्या आखणीतही दुर्बिणीचा प्रश्न उभा राहिला. जगातील अन्य देशांतील स्वयंसेवक आपल्या संगणकाचे काही तास देतात. येथील शेतकऱ्याने, त्याला कोणी स्वयंसेवक म्हटले नसले तरी, त्याहून मोठा वाटा आधीच उचललेला आहे. घर तबकडीच्या अगदी जवळ असेल, तर नवे उपकरण सतत चालू ठेवण्यापूर्वी खोडदच्या केंद्रात चौकशी करून घ्यावी.